दाजींच्या घराचा विमा

जगात निर्दोष असं काही नसतं, ही गोष्ट माझ्या दाजींइतक्या आनंदाने मान्य केलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. इतरांना दोष सापडला की वाईट वाटतं. दाजींना तो सापडला नाही की वाटायचं. एखादी वस्तू उलटीसुलटी करून, उजेडाकडे धरूनही तिच्यात काही मिळालं नाही, तर ते ती खाली ठेवायचे आणि तिच्याकडे संशयाने पाहत म्हणायचे, "लपवतीया कायतरी."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सारी नोकरी त्यांनी कारखान्यांच्या तपासणी खात्यात काढली, आधी भोसरीत आणि नंतर चाकणला. तिथला नियम असा, की तयार झालेल्या प्रत्येक भागाला एक पुठ्ठ्याचा टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे नापास. पिवळा म्हणजे होल्ड, निर्णय नंतर. लाल टॅगवर कारण, तारीख आणि सही हवीच. निवृत्त होताना काय भेट हवी असं साहेबांनी विचारलं, तेव्हा लोक भिंतीवरचं घड्याळ मागतात. दाजींनी टॅगचे गठ्ठे मागितले. तीन रंगांचे, सुतळीसकट.

अर्थात घरात टॅग त्याआधीपासूनच होते. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी अक्काच्या भाकरीची जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली आणि मधे जाड असल्याचं तिला सांगितलं. अक्का म्हणाली, "आता खाताय, का परत भट्टीत घालू?" त्यांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला जाताना त्यांच्या सदऱ्याला मागून एक लाल टॅग लटकत होता. कंपनीच्या बसमध्ये, खात्यात, कँटीनमध्ये तो तसाच फिरला. कोणी काढला नाही. बहुतेकांना तो योग्यच वाटला असावा. संध्याकाळी घरी येऊन दाजी अतिशय गंभीरपणे अक्कासमोर उभे राहिले. "टॅग लावलास, हरकत न्हाई. पण कारण लिहिलं न्हाईस. कारणाशिवाय टॅग चालत न्हाई." अक्का हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

मलाही त्यांनी एक टॅग दिला होता. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेलो, की माळ्यावर पुस्तक घेऊन बसायचो. हा मुलगा पुढे काय करणार, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा दाजींनी खिशातून पिवळा टॅग काढला. पुढे मी राजगुरुनगरच्या वाचनालयात ग्रंथपाल झालो, लग्न केलं नाही, केस पांढरे झाले, निवृत्तही झालो. माझ्याबद्दलचा निर्णय काही झाला नाही.

त्यांचं घर चाकणच्या जुन्या गावठाणात, भुईकोटाच्या तटापासून हाकेच्या अंतरावर. दगडमातीच्या दीड हात जाड भिंती, सागवानी तुळया, तीन खोल्या आणि माळा. गल्ली एवढी अरुंद, की रिक्षावाले तोंडाशीच सांगतात, "बास राव, इथून पुढं तुमचं तुमी." हमरस्त्यावरून कंटेनर गेले की ताटाळ्यातली ताटं किणकिणतात. अक्का म्हणायची, दिवसभर कोणीतरी जेवायला बसतंय असं वाटतं. ती गेल्यावरही ताटं किणकिणत राहिली.

ती गेल्यानंतर कितीतरी महिने दाजींनी कशालाच टॅग लावला नाही. मी गेलो, की चहा व्हायचा. तो कसाही असला तरी ते मुकाट्याने प्यायचे. मला ते बघवत नसे. मग एका रविवारी गेलो, तर ते स्टुलावर चढून भिंतीतल्या एका भेगेवर काचेची पट्टी चिकटवत होते. अक्काच्या कपाटाची फुटलेली काच त्यांनी कापून ठेवली होती. "भिंत केसभर जरी सरकली, तरी काच तडकती," ते म्हणाले. पट्टीवर त्यांनी तारीख लिहिली आणि शेजारच्या खिळ्याला लाल टॅग अडकवला. मला बरं वाटलं. वर्षभरात त्यांनी घरातल्या एकेचाळीस भेगा शोधून काढल्या, आणि रोज सकाळी कंदिलाएवढी मोठी बॅटरी घेऊन त्या सगळ्यांची विचारपूस करू लागले.

हे माझ्या भाच्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, अजिबात बरं वाटलं नाही. तो थेरगावला डांगे चौकाजवळ राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे, आणि बापावर त्याचा जीव आहे. आठेक वर्षांनी एकदा घरभर ते लाल टॅग बघून तो बाहेर ओट्यावर येऊन बसला. "मामा, बघितलंत का? यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, घर नापास आहे म्हणून. आणि तिथंच झोपतात."  मग त्याने आत जाऊन दाजींना सांगितलं, "दादा, एक करू. विम्याची एखादी कंपनी या घराची जबाबदारी घ्यायला तयार झाली, तर तुम्ही इथं राहा, मी पुन्हा बोलणार नाही. नाही झाली, तर दिवाळीनंतर थेरगावला यायचं. कायमचं."

मला वाटलं दाजी भडकतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "बाहेरच्या माणसाकडून तपासणी? मंजूर हाय."

पहिल्या कंपनीचा अर्ज त्यांनी चार दिवस भरला. बांधकामाचं वर्ष लिहायला चार चौकोन होते. वर्ष त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या आजोबांनाही माहीत नव्हतं, आणि अंदाज लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. त्यांनी त्या चौकोनांत "जुनं आहे" असं बसवलं. बांधकामाच्या प्रकारापुढे "पक्के" आणि "कच्चे" असे दोनच पर्याय होते. दाजींनी पट्टी घेऊन तिसरा चौकोन आखला, त्यापुढे "मुरलेले" असं लिहिलं आणि त्यावर बरोबरची खूण केली. तो अर्ज आठवड्यात परत आला.

दुसऱ्या कंपनीने घर बघायला माणूस पाठवला. त्याला घाई होती. दारातूनच चार फोटो काढून तो निघाला होता. दाजींनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि दोन तास फिरवलं. माळ्यावर चढवलं. मोरीत वाकायला लावलं. एकेचाळीस टॅग, प्रत्येकाचं कारण, प्रत्येकाची तारीख. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, "काका, मी हे बघितलंच नसतं ना. कशाला दाखवलंत?"

"तुमी बघितलं नसतं, म्हणूनच दाखवलं," दाजी म्हणाले.

त्याचंही नकाराचं पत्र आलं. दाजींनी ते वाचलं आणि त्यातली वाक्यरचनेची एक चूक लाल पेन्सिलीने दुरुस्त केली. मग बराच वेळ ते पत्र मांडीवर ठेवून बसले. "बरोबर लिहिलंय त्यांनी," ते म्हणाले. "आमीच दाखवलं." अक्का गेल्यानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच तसा खचलेला ऐकला. दिवाळीला महिना उरला होता.

तिसऱ्या कंपनीचं माणूस येणार होतं त्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम चाकणला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दाजींना आवाज चढवून बोललो. मी म्हटलं, "खोटं बोलू नका. पण न विचारता सांगूही नका." ते उठून आत गेले. मग स्टूल घेऊन आले आणि आम्ही दोघांनी एकेक टॅग उतरवला. अक्काच्या फराळाच्या डब्यात ते क्रमाने लावून ठेवले. डब्याच्या तळाशी एक जुना पिवळा टॅग होता. त्यावर माझं नाव होतं आणि कारण लिहिलं होतं, "वाचतो फार. पुढे पाहू." तारीख, सही. मी तो होता तसा ठेवून दिला.

काचेच्या पट्ट्या मात्र त्यांनी काढू दिल्या नाहीत. "टॅग परत लिहिता येतो. काच काढली, की इतक्या वर्षांची नोंद गेली." म्हणून मी बाजारात जाऊन दुकानादुकानांतून फुकटची कॅलेंडरं गोळा केली आणि पट्ट्यांवर लावली. कॅलेंडरं संपली, तिथे सुपं, परात, अक्काची गोधडी. शेवटी घर असं दिसू लागलं, की इथल्या माणसाला तारखांचं वेड आहे असं वाटावं.

तिसरी आलेली एक तिशीची बाई होती, लातूरकडची. उंबऱ्यातून आत आली आणि भिंतीपासून हातभर लांब, खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. "आमच्याकडं भूकंपात असल्याच भिंती पडल्या होत्या काका. मला आत यायलाच भीती वाटायलीय," ती सरळच म्हणाली. मग तिने सगळीकडे नजर फिरवली. "कॅलेंडरं लई आहेत तुमच्याकडं."

"भेट आलेली," मी म्हणालो. 

तिने वायर पाहिल्या, तुळयांना टकटक केलं, फोटो काढले. मग कागदावर पेन टेकवून तिने विचारलं, "भिंतींना तडे वगैरे?"

मी तोंड उघडलं. पण प्रश्न आता विचारला गेला होता.

"एकेचाळीस," दाजी म्हणाले, आणि फराळाचा डबा घेऊन आले.

मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून स्टूल सरकल्याचे, कॅलेंडर उतरल्याचे, परात खाली ठेवल्याचे आवाज येत होते. थेरगावच्या घरात दाजींची खाट कुठे मावेल, याचा मी विचार करत होतो. तासाभराने आत गेलो, तर ती बाई भिंतीला अगदी खेटून, बॅटरी धरून उभी होती.

"ही पण अखंड आहे काका. किती वर्षांची?"

"तारीख वाचा की. आठ व्हतील."

"आणि एवढे कंटेनर जातात तरी?"

"भेग हाय. पण सरकत न्हाई. बसलीया तिथंच."

एकेचाळीसपैकी एकोणचाळीस काचा शाबूत होत्या. स्वयंपाकघरातल्या दोन तडकलेल्या होत्या, आणि त्या त्यांनी सगळ्यात आधी दाखवल्या होत्या. निघताना ती म्हणाली, "लोक माझ्यापासून भेगा लपवतात. मला मग सगळ्याच घराचा संशय येतो." दाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

स्वयंपाकघराची भिंत दुरुस्त करायची आणि सगळ्या वायर बदलायच्या, या अटींवर विमा मिळाला. भाच्याने शब्द पाळला. वर बापासाठी पेढे आणले. दाजींनी त्यातला एक वजन करून खाल्ला.

मग त्यांनी विम्याचा कागद वाचायला घेतला. कंपन्या जो मजकूर कोणी वाचू नये अशा बेताने बारीक छापतात, तो दाजींनी भिंग घेऊन आठवडाभर वाचला आणि त्यांना एक कलम सापडलं. घर सलग तीस दिवसांहून अधिक काळ माणसाविना राहिलं, तर विमा लागू राहणार नाही. त्यांनी लगेच त्या बाईंना फोन केला. राहणं म्हणजे नेमकं काय? नुसतं कुलूप काढलं तर चालतं का? बाई म्हणाल्या, त्याची व्याख्या दिलेली नाही. मोजमाप न दिलेली अट दाजींना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतःच ठरवलं, की एक मुक्काम आणि सकाळी घरात केलेला चहा. "तुझी अक्का म्हणायची, चहा झाला न्हाई ते घर बंद." आणि माझ्या कॅलेंडरांपैकी एकावर ते रोज चहानंतर खूण करू लागले.

पुढच्या वर्षी ते आजारी पडले. आधी दवाखाना, मग थेरगाव. सव्विसाव्या दिवशी मला फोन आला. आवाज पार बसला होता.

"किल्ली शेजारच्या वहिनींकडं हाय. जा आणि एक मुक्काम कर."

"मी चालेन का दाजी? कागदावर तुमचं नाव आहे."

"माणूस पायजे असं लिहिलंय. वाचतोस फार, पण माणूस हाईस की."

मी गेलो. सकाळी त्यांचा पुन्हा फोन. चहा केलास? केला. कसा झाला? चांगला झाला.  मग ते म्हणाले, "नीट बघ. कायतरी असंल."

दोन महिन्यांनी ते थेरगावलाच वारले.

विमा आता भाच्याच्या नावावर आहे. घराचं काय करायचं ते तो बोलत नाही, मीही विचारत नाही. दर महिन्याला तीस दिवस भरायच्या आत मी राजगुरुनगरहून बसने येतो, वहिनींकडून किल्ली घेतो आणि मुक्काम करतो. सोबत पुस्तक आणतो. ते बहुधा उघडलं जात नाही. सकाळी बॅटरी घेऊन काचा बघतो. स्वयंपाकघराच्या दुरुस्त भिंतीवर नव्याने लावलेल्या दोन धरून सगळ्या शाबूत आहेत. कंटेनर जातात, ताटं किणकिणतात, आणि मी एकटाच ते ऐकत बसतो.

आज चहात साखर जास्त पडली. पहिल्या घोटालाच कळलं. कोणीतरी काही म्हणेल म्हणून मी क्षणभर तसाच कप धरून बसलो. मग उठून फराळाचा डबा काढला, एक कोरा लाल टॅग घेतला, त्यावर "साखर जास्त" असं लिहिलं, खाली तारीख आणि सही केली, आणि तो कपाच्या कानाला बांधला. चहा सगळा प्यायलो. कॅलेंडरवर खूण केली आणि कुलूप लावलं.