आत्याचा उतरलेला सूर

आत्याच्या गळ्यातली गाठ मला पहिल्यांदा दिसली ती दासगावला तिच्या घरी, ती पाणी पीत असताना. घोट उतरताना उजवीकडे काहीतरी वर सरकलं आणि पुन्हा खाली आलं. मी विचारलं तर म्हणाली, "हाय ती कधीची. दुखत नाय."

माझी आत्या गाणारी. लग्न होऊन मुंबईला गेली तेव्हा आतोबा गिरणीत होते आणि सुट्टीच्या दिवशी एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. चाळीतल्या एका बारशाला पार्टीचा गायक आलाच नाही, तेव्हा ही बायकांतून उठली आणि म्हणाली, "मी गाते." सासऱ्यांनी वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. पण पार्टीने तिला सोडलं नाही. बुद्धगीतं, भीमगीतं, कव्वालीचे मुकाबले. समोरच्या पार्टीने गाण्यातून सवाल टाकला की ही तिथल्या तिथे जवाब जोडून गायची. तिची एक तबकडीही निघाली. आमच्या वस्तीत लग्न असलं की ती कर्ण्यावर लागायची, त्यामुळे मी तिचा आवाज आधी ऐकला आणि तिला नंतर पाहिलं. आतोबा गेल्यावर ती गावी परत आली, पण दर मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, महाडच्या चवदार तळ्यावर गाणं तिने चुकवलं नाही.

महाडच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, गाठ वाढतेय, श्वासनळीवर दाब येतोय, काढावीच लागेल. आणि मग, "आवाजाची नस गाठीला अगदी लागून आहे. आम्ही जपूच. पण खात्री देता येणार नाही."

मार्च जवळ आला होता. मला वाटलं, ती आधी तळ्यावर गाईल आणि मग ऑपरेशन करून घेईल. खरं म्हणजे मलाच तो आवाज शेवटचा ऐकून ठेवायचा होता. परतीच्या गाडीत मी तसं सुचवलं.

"नाय रे," ती म्हणाली. "सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसतील, मयताला आल्यागत. आधी गाठ काढू."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने मला काहीतरी सांगितलं आणि मला ते ऐकूच आलं नाही. नुसती हवा. मी कान तिच्या ओठांशी नेला तेव्हा कळलं, ती पाणी मागत होती.

डॉक्टर म्हणाले, महिने लागतील, कदाचित येईल. त्या 'कदाचित'ने माझी झोप गेली. शाळेत शिकवताना फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायचो. संध्याकाळी दासगावला जायचो, अंगणात पाय ठेवण्याआधी कान द्यायचो. आत भांड्यांचा आवाज असायचा, तिचा नाही. ती हाताने खुणा करून बोलायची आणि मी नको इतक्या मोठ्याने उत्तर द्यायचो, जणू तिला ऐकूच येत नव्हतं. तो मार्च तसाच गेला. ती तळ्यावर आली, बायकांत बसली, हात जोडून उठली.

पावसाळा सरता सरता आवाज आला. पण तो तिचा नव्हता. जाडा, खरखरीत, पुरुषी. तिने पोलादपूरहून पार्टीतले जुने ढोलकीवाले बोलावून घेतले. पूर्वी ती काळी चारच्या उंच पट्टीतून गायची. आता पेटीवर खाली खाली उतरत पांढरी एकवर आली, तेव्हा कुठे सूर टिकला. वरच्या जागेवर आवाज फाटला की ढोलकीवाले हात थांबवायचे.

"थांबू नका हो तुम्ही," ती चिडायची. "फाटला तर फाटू दे."

पुढच्या मार्चला ती तळ्यावर मंचावर चढली. मी गर्दीत उभा होतो. तिने एकच गाणं घेतलं. अंतऱ्यात एकदा श्वास कमी पडला, ओळ अर्धी राहिली. तिने पेटीवाल्याकडे पाहिलं, ती ओळ पुन्हा उचलली आणि पुरी केली. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची म्हातारी मात्र आपल्या सुनेला म्हणाली, "ही ती नाय गो. ती येगळी होती."

घरी आल्यावर मी ते सांगणार नव्हतो, पण तिने खोदून खोदून विचारलं. "लोक काय बोलले, खरं सांग." मी सांगितलं. चहा निवून गेला.

"खरंच बोलली ती," आत्या म्हणाली. "मला पण वळख पटत नाय अजून."

त्यानंतर तिने गाणं सोडलं असेल असं मला वाटलं होतं. परवा तिचा फोन आला: शिवथरकडच्या एका वस्तीत कार्यक्रम आहे, गाडी सांग. बोलता बोलता ती खोकली. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"मिरची फोडणीला टाकलीय रे," ती म्हणाली. "गाडीचं बघ तू."