चौकोनी कुटुंब

घटस्फोटानंतर मी आणि माझी लेक सई भाड्याचं घर शोधत होतो. एक घरमालकीणबाई म्हणाल्या, "आम्हाला चौकोनी कुटुंब हवंय."

"आई, चौकोनी म्हणजे?" सईने विचारलं.

"चौ म्हणजे चार. चार कोन असतात तो चौकोन." संस्कृतातला 'कोण' मराठीत 'कोन' झाला. 'त्रिकोण' या शब्दात मात्र तो जुन्या रूपातच राहिला. आणि आपला प्रश्नार्थक 'कोण' तर दारातच उभा असतो.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलंच.

एरवी या प्रश्नाला मी खाली मान घालून उत्तर द्यायचे. त्या दिवशी बाईंकडे सरळ बघत म्हटलं, "आम्ही दोघी. तिसऱ्याची वाट बघत नाही आहोत."

घर मिळालं नाही. जिना उतरतानाच मी एजंटला फोन लावला.

"दुसरं घर दाखवा. कुटुंबासाठीच हवंय."