एकाची जळू दुसऱ्याला नाही

जळूअक्काच्या अंगाला कसलाच वास यायचा नाही. आमच्या भडगावात बायका ओळखू यायच्या त्या तेलावरून, लसणावरून, चुलीच्या धुरावरून. अक्का शेजारी येऊन बसली तरी कळायचं नाही. केसांना तेल नाही आणि जळवा लावायच्या दिवशी कांदा-लसूण तोंडात नाही. "जळूले वास चालत नही, ती तोंड फिरवस," म्हणायची. मला लहानपणी तिची भीतीच वाटायची. माणसाला माणसाचा वास नाही म्हणजे काय!

ती आमच्याकडे यायची आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. कापसाच्या जिनात वजनकाट्यापाशी उभं राहून राहून त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. घोट्यावरची जखम काही केल्या भरत नव्हती. जळगावचे डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते. अक्का यायची, साध्या पाण्यानं पाय धुवायची, दुधाचा थेंब लावायची आणि ओल्या फडक्यातून जळू सोडायची. सुतळीएवढी जळू बघता बघता अंगठ्याएवढी व्हायची आणि पोट भरलं की आपोआप गळून पडायची. त्यानंतरही कितीतरी वेळ रक्त झिरपत राहायचं. आई घाबरली की अक्का तिला दटावायची, "वाहू दे माय, ते बठ्ठं खराब शे." दोन दिवसांत पाय हलका व्हायचा आणि आबा पुन्हा कामावर जायचे. आमचं घर त्या पायावरच चाललं होतं.

गळलेल्या जळूच्या तोंडाला हळद लावून, बोटांनी निपटून, अक्का तिला प्यालेलं रक्त ओकायला लावायची. मग ती जळू त्या रोग्याच्याच मडक्यात. तिच्या ओसरीवर अशी मडकी ओळीनं मांडलेली असत, आणि एकाची जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा तिचा नियम. "ज्यानं रगत पिधं, ती त्यानी." एकदाच तिनं आईला कारण सांगितलं होतं. तिच्या सासूनं घाईत एकाची जळू दुसऱ्या घरच्या लेकराला लावली, आणि त्या माणसाचा गरमीचा रोग लेकराच्या अंगावर फुटला. ते लेकरू अक्कानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढे हिवतापवाले आले. घराघरांत पावडर मारली, डबक्यांवर तेल ओतलं. हिवताप गेला, फार चांगलं झालं, पण जळवाही गेल्या. अक्का पारोळ्याच्या तळ्यांपर्यंत पायपीट करून रिकाम्या हातानं परतली. तिच्या ओसरीवरची मडकी एकेक करून पालथी पडली. शेवटी जिवंत जळवा उरल्या त्या फक्त आबांच्या मडक्यात.

अक्काची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून उरलेल्याचं नाव भिका. तो पाचोऱ्याला स्टेशनवर हमाली करायचा. त्या उन्हाळ्यात तो पाठीवर काळपुळी घेऊन घरी आला, अंगात फणफणून ताप. अशा काळपुळ्या अक्कानं गावभर जळवा लावून बसवल्या होत्या. आबा लंगडत तिच्या घरी गेले, मी त्यांच्याबरोबर होते.

"अक्का, मना मडकामधल्या जळवा लाव त्याले. कसाना नियम धरी बसनी!"

अक्कानं मडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमना पाय सडेल शे, आबा. त्या पायनं रगत मी मना पोऱ्यानी पाठमा सोडू?"

मला असा संताप आला! इतकी वर्षं ज्या घरात तिचा चहा झाला, त्या घरचं रक्त तिला सडकं वाटलं. मग बैलगाडी जुंपली, पाचोऱ्याहून रेल्वेनं जळगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. भिका पाचोऱ्यापर्यंतही पोचला नाही.

गावानं तोंडसुख घेतलं. जळवा पाळणारीनं स्वतःचं पोर खाल्लं, असंही बायका बोलल्या. तेराव्यानंतर अक्का मडकं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आबांनी पाय धोतराखाली ओढून घेतला.

"नको अक्का. आता नको."

"पाय काढा. तुमन्याच शेतस. उपाशी शेतस."

तिनं पाय धुतला, जळवा लावल्या. त्या फुगत गेल्या आणि ती एकटक बघत राहिली. आबा लहान मुलासारखे रडत होते. जळवा गळल्यावर तिनं या खेपेला हळद मागितली नाही. तशाच तट्ट फुगलेल्या जळवा मडक्यात घालून ती गिरणा नदीवर गेली आणि त्या सोडून आली. पुन्हा तिनं कुणालाच जळवा लावल्या नाहीत. दिवाळीनंतर आबांचा पाय जळगावला कापला. त्यांनी तिला कधी बोल लावला नाही. मी लावला, पुष्कळ वर्षं लावला.

मग माझा मुलगा तापानं पडला आणि मी त्याच्या उशाशी बसले. भिकाच्या वेळी अक्काच्या जागी मी असते, तर जळवा लावल्या असत्या. कुणाच्याही, कसल्याही. मडकं तिच्या हाताशी होतं. तिचं पोर कण्हत होतं. आणि त्या बाईनं हात पुढे केला नाही. तिचं बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. माझ्यात तेवढं बळ नाही, एवढं मात्र नक्की, आणि ते मला नकोही आहे.