पोटावरची उशी

चाळीस वर्षं बाई पोटावर उशी बांधून रंगमंचावर आल्या आणि लोक हसून हसून लोळले. मुळात त्या काटकुळ्या. पण पहिल्याच नाटकातली लठ्ठ मोलकरीण गाजली आणि नाटक कंपनीच्या मालकाने तीच कायमची गळ्यात मारली. नायिकेचं काम मागितलं की म्हणायचा, "तुम्हाला बघून रडणार कोण?"

साठीत औषधांनी अंग खरंच सुटलं. बाईंना वाटलं, चला, उशीची कटकट गेली. पण मालकाच्या मुलाने एक सडपातळ पोरगी आणून उभी केली.

"खऱ्या लठ्ठपणाला लोक हसत नाहीत, मावशी. कीव करतात. तेवढी उशी हिला द्या."

बाईंनी स्वतःच्या हाताने पोरीला उशी बांधली.

"घरी जाताना आठवणीने सोडत जा गं," त्या म्हणाल्या. "मी विसरले."