हुतात्म्याच्या कपाळी शेंदूर

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्या मुळशीच्या घरातल्या पाद्र्याच्या पुतळ्याला शेंदूर कसा, म्हणून आजच लिहिते.

धर्म सोडला नाही म्हणून या पाद्र्याला ठार मारलं, हे मी शेजारच्या मेंढपाळ बाईला सांगितलं.

"देवापायी मेला, मंजी वीरच की. आमी वीराला शेंदूर लावून पुजतो, त्येला कोरडा ठिवलाय व्हय?" म्हणत तिने त्याच्या कपाळावर शेंदूर थापला.

त्याच दिवशी दुपारी आमचे फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार होते. ते रागावून परत जातील या भीतीने मी पुतळा रॉकेलने घासला, तर शेंदूर तसाच राहिला आणि नाकाचाच रंग निघाला. तेवढ्यात फादर आले. मागोमाग शेजारीण, काखेत कोकरू.

"ह्यो आमचा बी वीर हाय," ती म्हणाली.

"असू दे बाई, फक्त कोकरू कापू नका," म्हणत फादरांनी पुतळ्यावर पवित्र पाणी शिंपडलं.

नाक अजून पांढरं आहे, आणि शेंदूरही आहे.