मैना राणीकडे बघून शिकली

छावणीतल्या आमच्या श्वानपथकात राणी ही सगळ्यांत जुनी लॅब्राडोर. तिचा हँडलर हवालदार साळवे करमाडचा, मी चिकलठाण्याचा. स्फोटकाचा वास लागला की कुत्र्याने तिथेच बसायचे, हा नियम. राणीचा मागचा पाय अधू होता, म्हणून ती बसायची नाही. वासाकडे नाक करून पोटावर आडवी व्हायची. साळवेने ते चालवून घेतले होते.

मैना आणि शेरू ही एकाच विणीची भावंडे माझ्याकडे ट्रेनिंगला आली. सकाळी सहाला राणीचे काम सुरू झाले की दोघांना मैदानाच्या कडेला बांधायचो. शेरू माश्या पकडत बसायचा. मैना मान न हलवता राणीला बघायची.

"मादी बघून शिकती, नर सोता धडपडून," साळवे म्हणायचा.

मी हसण्यावारी नेले. पथकाचे जनावरांचे डॉक्टरसाहेब म्हणाले, काही प्राण्यांत असे दिसते, सगळ्यांत नाही.

पुढे साळवे आणि राणी सरहद्दीवर गेले. रस्ता तपासताना सुरुंग फुटला. दोघेही परतले नाहीत.

इकडे शेरू वास लागला की शिस्तीत बसायचा. मैना आडवी व्हायची. लाडावली, असे मला वाटले. मी तिला रोज दटावून उठवायचो.

मग फायरिंग रेंजवर न फुटलेले गोळे शोधायचे काम आले. सकाळचे सव्वाअकरा. माझ्यामागे चार जवान. मैना पायवाटेवर आडवी झाली. मी दोरी ओढली. ती हलेना.

रेडिओवर सुभेदारसाहेब: "क्यों रुके हो? ओव्हर."

"कुत्ती लेट गई है, साहब. ओव्हर."

"थकी होगी. आगे बढ़ो. ओव्हर."

मी पाय उचलला आणि तिचे नाक दिसले. जमिनीला टेकलेले, ताठ. हुबेहूब राणी. उचललेला पाय होता तिथेच टेकवला.

"साहब, इशारा है. कोई न हिले. ओव्हर."

माझ्या बुटापासून दोन पावलांवर, वीतभर मातीखाली गोळा निघाला. ही खूण मैनेला कुणीच शिकवली नव्हती. त्या मुक्या जिवाने ती नुसती बघून उचलली होती, आणि मी शहाणा तिलाच रागवत होतो.

दुपारी करमाडला साळवेच्या बायकोला फोन केला. सगळे सांगितले.

"भाऊजी," ती म्हणाली, "तिला तशीच पडू द्या. उठवू नका."

"व्हय वहिनी," एवढेच म्हणालो. फोन ठेवला आणि साळवेसाठी पहिल्यांदा रडलो.