माणिकमावशीचे डोळे

क्षमाचं शर्मिष्ठाशी भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं, निदान बोलणं तरी बंद करता आलं असतं!

दोघी मुलुंडच्या एका विमा कंपनीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायच्या आणि रविवारी एकाच बाईंकडे व्यक्तिचित्रांची रांगोळी शिकायच्या. मग शर्मिष्ठानं नोकरी सोडली. नवऱ्याचा पगार दणदणीत, तिला काय! आता तिच्या रांगोळ्या पेपरात, मोबाइलवर, जिकडेतिकडे. क्षमा तोंडावर "झकास गं!" म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. दिवसभर शिव्या खायच्या आणि उरलेल्या जिवात रांगोळी काढायची, याला काय अर्थ आहे? शर्मिष्ठासारखा अख्खा दिवस मिळाला असता तर दाखवलं असतं एकेकाला!

यंदा दिवाळीत घाटकोपरच्या एका शाळेत रांगोळ्यांचं प्रदर्शन होतं आणि नेमक्या दोघींच्या चौकटी शेजारीशेजारी आल्या. क्षमानं दारावर मासे घेऊन येणारी माणिकमावशी काढायला घेतली. पंखे बंद, खिडक्या बंद, गळ्यात टॉवेल. रोज ऑफिस सुटलं की धावत यायचं आणि गुडघ्यांवर बसायचं. नाकातली नथ, कपाळावरच्या आठ्या, सगळं मनासारखं उतरलं. राहिले फक्त डोळे. ते शेवटी भरायचे असतात.

उद्घाटनाच्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब, म्हणजे सुबोध, म्हणाला, "दिवाळीत सगळ्यांनाच रजा हवी असते गं." झालं!

संध्याकाळी ती पोचली तेव्हा गर्दी तिच्याच चौकटीभोवती होती.

"डोळे बघा, डोळे! आता बोलेल ही बाई."

क्षमानं तर डोळे काढलेच नव्हते.

"तुझा फोन लागेना," शर्मिष्ठा लगबगीनं पुढे आली. "बिनडोळ्यांची कशी ठेवायची? म्हणून मीच भरले. रागावली नाहीस ना?"

क्षमानं वाकून चूक शोधली. कुठे बुबुळ सरकलंय, कुठे सावली चुकलीय? काही म्हणजे काही सापडेना. जळला मेला तिचा हात! तिनं चौकटीपुढची आपल्या नावाची पाटी हळूच उलटी केली. लोक मोबाइलवर फोटो काढत होते.

मग ती दोरी ओलांडून आत गेली, ब्रश घेतला आणि दोन्ही डोळे झाडून टाकले.

"वेडी झालीस का गं?" शर्मिष्ठा ओरडली.

"झाले. जळते मी तुझ्यावर, नोकरी सोडलीस तेव्हापासून जळते. नाव घे, फोटो घे, सगळं घे. पण हिचे डोळे मी काढणार."

शर्मिष्ठाचा चेहरा पडला. क्षमाला त्याचंही थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

ती तिथेच, सगळ्यांसमोर बसली. डावा डोळा बरा आला, उजवा अंमळ मोठा झाला. गर्दी केव्हाच पुढच्या चौकटीकडे सरकली होती. एक आजोबा मात्र थांबले होते.

"चेहरा सुरेख आहे, पण डोळ्यांत गडबड झाली हो. कुणी काढलेत?"

क्षमा गुडघे धरत उठली आणि तिनं पाटी सुलटी केली.